परिपत्रक सगळ्यांना, पत्र एकाला

पाळकांच्या जुन्या पत्ररिवाजातून गावच्या कारभाऱ्यांनी घेण्यासारखं काही

गावात पाकीट आलं की पहिल्यांदा धास्ती वाटते. सोसायटीची थकबाकी, बँकेची नोटीस, भूसंपादनाचा कागद, नाहीतर तहसीलची तारीख. शिक्का मारलेला कागद हातात पडला की घरातलं म्हातारं माणूस विचारतं, "कुठं सही करायचीय?" आपण कसे आहोत हे विचारायला कुणी कागद पाठवील, अशी अपेक्षाच आता कुणाची राहिलेली नाही.

कुळगाव-बदलापूरचं आता शहर झालं. अंबरनाथ, उल्हासनगर तर कधीचीच शहरं. पण या शहरांच्या कडेकडेच्या गावांत आणि पाड्यांवर अजून भाताची लावणी होते, भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरला जातो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी कशी फुगली होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेही सगळ्यांनी पाहिलं. पूर ओसरला की पंचनामे होतात, याद्या लागतात. ते झालंच पाहिजे. पण ज्याचं खाचर खरवडून गेलं तो माणूस चार दिवस कुणाशी बोलत का नाही, हा रकाना पंचनाम्याच्या कागदात नसतो.

हा रकाना भरण्याची एक जुनी पद्धत ख्रिस्ती मंडळींत आहे. तिची माहिती आपल्या वाचकांना, विशेषतः ग्रामसेवक, तलाठी, सरपंच, सोसायटीचे सचिव आणि आमच्यासारखी विस्ताराची माणसं यांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख. धर्म ज्याचा त्याचा. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

पाळक म्हणजे कोण?

मराठी चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्याला 'पाळक' म्हणतात. शब्द आपल्याच शिवारातला आहे. मेंढपाळ कळप हाकतो तेव्हा सगळ्या मेंढरांना एकच हाळी देतो. पण एखादं लंगडत असेल तर त्याच्याजवळ जातो, त्याचा पाय हातात धरून बघतो. पाळकाचंही तसंच. सगळ्या मंडळीला उद्देशून जे पत्र निघतं आणि चर्चमध्ये वाचून दाखवलं जातं, ते एका परीनं आपलं परिपत्रक. त्याशिवाय दुसरं पत्र असतं ते एकाच माणसाला. कुणाचा नवरा गेला, कुणी दवाखान्यात पडून आहे, कुणाचा मुलगा नोकरीसाठी लांब गेला, कुणी महिनाभर चर्चमध्ये दिसला नाही, अशा माणसाला नावानं लिहिलेलं. या लेखात बोलायचं आहे ते या दुसऱ्या पत्राबद्दल.

जामीन राहणारं पत्र

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात २७ पुस्तकं आहेत आणि त्यांतली २१ पत्रं आहेत. विल्यम कॅरी यांनी १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून नवा करार मराठीत छापला, तेव्हा ही पत्रंही मराठीत आली. त्यांत एक अगदी छोटं, २५ वचनांचं पत्र आहे. पौल तुरुंगात आहे आणि फिलेमोन नावाच्या एका घरमालकाला लिहितो आहे. फिलेमोनचा अनेसिम नावाचा गुलाम घर सोडून गेला होता, तो पौलाला भेटला. पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला विनवतो की, याला गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे. त्याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. हे मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, असंही तो सांगतो. शेवटी आणखी एक गोष्ट कळवतो: मी येईन अशी आशा आहे, माझ्या उतरण्याची सोय करून ठेव.

शेतकरी माणसाला हे पत्र लगेच कळेल, कारण यात जामीनकी आहे. नुसता उपदेश करून पौल थांबला नाही. त्यानं वहीवर आपलं नाव लावलं आणि भेटीला येण्याचंही कळवलं.

कापून घेतलेल्या सह्या

आता जवळचं उदाहरण. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. पुढे ते पूर्वेकडच्या बेटांपर्यंत गेले. त्या काळी पत्र युरोपातून यायला वर्ष-दीड वर्ष सहज लागे, कधी त्याहून जास्त. १५४६ साली अंबोण बेटावरून त्यांनी आपल्या सोबत्यांना कळवलं की, तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत अंगावर बाळगतो. पत्रातल्या मजकुराइतकीच ते लिहिणाऱ्याच्या हाताचीही ओढ माणसाला असते, हे यावरून दिसतं. छापील फॉर्मवरची रबरी शिक्क्याची सही कुणी जपून ठेवत नाही.

वॉन्टेज ते केडगाव

मराठी माणसाच्या दृष्टीनं सर्वांत मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. बदलापूर स्टेशनातून जाणारा लोहमार्ग कर्जत, पुणे करत दौंडला जातो. दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथं रमाबाईंनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, बागायत केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीनं मोडलेल्या मुली आणि विधवा आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी सगळी कामं तिथं बायका करत.

या बाईच्या मागे एक लांबलचक पत्रव्यवहार आहे. १८८२ साली रमाबाईंचे पती वारले. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आई झाल्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या आणि दोघींची पत्रं सुरू झाली. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत, पत्रातसुद्धा.

पण ही पत्रं नुसती गोडगोड नाहीत. रमाबाई अंडं घातलेलं खात नसत. आजीबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला आणि त्यांनी तसं लिहिलं. धर्मातले काही सिद्धांत रमाबाईंना पटत नव्हते, त्यावरही बोलणी बसली. रमाबाईंनी १८८५ साली स्पष्ट उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ असा, की एखादी इंग्रज बाई हिंदू घरात राहायला आली आणि तिनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? इकडच्या भटभिक्षुकांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं तसलंच जू मी घेणार नाही.

त्याच सुमाराला चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील याही रमाबाईंना लिहीत होत्या. त्यांची रीत वेगळी. शंका विचारली म्हणून त्या रागावत नसत. ती शंका समोर ठेवून सावकाश उलगडत. काळजी दोघींनाही होती, पण एकीच्या पत्रात हुकूम यायचा आणि दुसरीच्या पत्रात उत्तराला जागा असायची.

आजीबाईंचं मोठेपण असं, की एवढी खडाजंगी होऊनही त्यांनी पत्रव्यवहार तोडला नाही. टोचणारी पत्रंसुद्धा फाडून न टाकता जपली, संकलित केली. म्हणून तर १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपानं छापली आणि रमाबाईंचा आवाज आपल्यापर्यंत पोचला.

एका डॉक्टरनं करून पाहिलं

पत्रानं खरंच काही होतं का, असं कुणी विचारील. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना एक तरुणी त्यांना पत्रं लिहायची, त्या आधाराची आठवण त्यांना राहिली. जीव द्यायला निघालेले, दवाखान्यातून सुटलेले आणि पुढचे उपचार नाकारलेले ८४३ रुग्ण त्यांनी घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली, दुसऱ्याला एकही नाही. पत्रात औषधाचा आग्रह नव्हता, ये म्हणून बोलावणं नव्हतं. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, एवढंच. २००१ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन वर्षांत पत्र मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या होत्या. नंतर इतरत्र झालेल्या सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरी दोन ओळींच्या कागदात काय ताकद असू शकते, ते यातून कळतं.

आपल्या राज्यात कर्त्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर प्रकरण पात्र की अपात्र याची चौकशी होते. ती होते माणूस गेल्यावर. पत्र लिहायची वेळ त्याच्या फार आधीची असते.

लिहायचं कसं?

१. एका पत्रात एकच माणूस. वर त्याचं नाव, ज्या नात्यानं हाक मारता त्या नात्यानं.

२. त्याच्याबद्दल तुम्हालाच ठाऊक असलेली एक गोष्ट लिहा. त्याचा बैल, बांधावरची तूर, मुलीची परीक्षा. तीच ओळ पत्र खरं करते.

३. पत्रात काही मागू नका. वसुली, योजना, मत, धर्म यांतलं काहीही नको. त्याला वेगळा कागद आहे.

४. 'धीर धरा, सगळं ठीक होईल' असली आश्वासनं देऊ नका. जे करणार तेच लिहा, वारासकट.

५. घरगुती दुःख पोस्टकार्डावर लिहू नये, ते वाटेत दहा जण वाचतात. पाकीट वापरा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे स्वतः जाऊन, आडोशाला बसून वाचून दाखवा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

६. वहीत तारीख टिपा. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, घर रिकामं होतं. दुसरं पत्र तेव्हा जावं. तिसरं पहिल्या सणाला.

नमुना म्हणून एक पत्र देतो:

"आबा, स. न. वि. वि. खालच्या खाचरातली लावणी वाहून गेल्याचं कळलं. तुमचा राब यंदा सगळ्यांत आधी तयार झाला होता, मी पाहिला होता. पंचनाम्याचं काम त्याच्या वाटेनं होईल, हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही चार दिवस पारावर आला नाहीत, म्हणून लिहितो. गुरुवारी सकाळी पाड्यावर येतो आहे, चहाला थांबेन. उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. कळावे."

एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात. आठवड्याला एक म्हटलं तरी वर्षाला ५२ घरं होतात.

एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. माणूस जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर पत्रावर भागवू नका. त्याच दिवशी घरी जा, त्याला एकटं ठेवू नका, औषध-फवारणीच्या बाटल्या कुलपात टाका आणि आरोग्य केंद्राला कळवा. केंद्र सरकारनं २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

पुढच्या मासिक सभेत आपल्या गावातली पाच घरं ठरवा आणि कोण कुणाला लिहिणार ते वाटून घ्या. पत्र टाकल्यावर ज्या वारी येतो म्हटलं असेल, त्या वारी मात्र चुकवू नका.