फोटो काढला, तो पोहोचवला का?

महाड-पोलादपूरच्या भागात हौसेखातर कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "याचे पैसे मिळतात का?" आणि दुसरा, "आमचा फोटो काढलात, तो देणार कधी?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पैसे मिळत नाहीत. उलट खिशातले जातात. दुसरा प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही. आमच्या या सगळ्या छंदाचे मोल त्या एका प्रश्नावर ठरते, असे आता आम्हाला वाटू लागले आहे.

आम्ही व्यावसायिक फोटोग्राफर नव्हे. लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, आमचे दुकान नाही. एक कॅमेरा, दोन लेन्स, पावसाळ्यासाठी मोठी छत्री आणि प्लास्टिकची पिशवी, एवढाच संसार. सुट्टीच्या दिवशी सावित्रीच्या काठाने नाहीतर एसटीने पोलादपूरकडे निघायचे आणि जे रोज दिसते तेच पुन्हा पाहायचे.

नमाजच्या वेळा आणि उजेड

फोटोग्राफीची पुस्तके सांगतात, सूर्य उगवतानाचा आणि मावळतानाचा उजेड सर्वांत चांगला. ज्या घरात पाच वेळची नमाज आहे, त्या घरातल्या मुलाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. फजर अदा करून बाहेर पडले की आभाळाला रंग चढू लागलेला असतो. आमच्या कोकणी मुसलमान घरांत बहुतेक जण शाफई मजहबाचे. शाफई हिशेबाप्रमाणे मध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असरची वेळ सुरू होते. हनफी हिशेबात सावली दुप्पट व्हावी लागते. हाच तो वेळ, जेव्हा डोक्यावरचे कडक ऊन खाली उतरते, माणसाच्या डोळ्यांखालचे काळे डाग नाहीसे होतात आणि भिंतीच्या मातीचा पोत दिसू लागतो. असरची अजान झाली की कॅमेरा बाहेर काढायला हरकत नाही, असे आम्ही नव्या मुलांना सांगतो. नमाज आधी, फोटो नंतर. मगरिबपर्यंत भरपूर वेळ असतो.

उजेडाचा आणि आपला संबंध तसा जुनाच. सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात उजेड आणि दृष्टी यांचा अभ्यास मांडला. वस्तूवरून येणारा उजेड डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी सिद्ध केले. अंधाऱ्या खोलीच्या लहानशा भोकातून उजेड आत कसा येतो, याचेही प्रयोग केले. कॅमेरा म्हणजे अखेर तीच अंधारी खोली, फक्त हातात मावणारी.

रोजचेच दिवस

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. गांधारी आणि काळ या नद्या तिला मिळतात आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीने समुद्रात जाते. या एका वाटेवर हौशी माणसाला आयुष्यभर पुरेल इतके काम आहे. उन्हाळ्याच्या शेवटी शेतात राब भाजतात, तेव्हा सगळ्या खोऱ्यावर निळसर धूर पसरतो. जून-जुलैत लावणी. पूर्वी इरली दिसत, आता निळे-पिवळे प्लास्टिक दिसते. काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात. लांबून पाहणाऱ्याला त्या ओंडक्यासारख्या वाटतात. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत उतारावर नाचणी आणि वरी. आंबेनळी घाटात धुके इतके दाट की पुढची एसटी दिसण्याआधी तिचा हॉर्न ऐकू येतो.

हे फोटो छान येतात, लोकांना आवडतात. पण खरे काम घरांच्या आत असते. पडवीत बसून तांदूळ निवडणाऱ्या चाची, रमजानमध्ये मगरिबच्या आधी मस्जिदीत खजुरांची ताटे मांडणारी पोरे, मदरशातून पावसात भिजत येणाऱ्या मुली, ईदच्या सकाळी नातवाची टोपी सरळ करणारे आजोबा. एका वृद्ध दादीने आम्हाला सांगितले होते, "माझा नको काढूस बाळा, माझ्या भाकरीचा काढ." आम्ही तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीचा आणि ती उलटणाऱ्या बोटांचा फोटो काढला. दादींचा शब्द राहिला आणि दादीही त्या फोटोत राहिल्या. आज त्यांच्या घरात तो फोटो दाखवून मुली म्हणतात, ही आमच्या दादीची भाकरी.

फोटोखाली दोन ओळी लिहिल्या नाहीत तर तो मुका राहतो, हेही इथेच कळते. चवदार तळ्यावर दरवर्षी २० मार्चला जनसागर लोटतो. १९२७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. महाडच्या फत्तेखान यांनी आपली जागा दिली. आज कोणी त्या भागाचा फोटो काढला तर त्यात नुसती जागा दिसेल. मागे फत्तेखानांचे नाव लिहिलेले असेल तरच ती जागा पुढच्या पिढीशी बोलेल.

विचारून काढावा

फोटो काढणे जायज आहे का, हा प्रश्न आपल्या घरांत आजही विचारला जातो आणि तो टाळू नये. सजीवांच्या चित्राला मनाई करणाऱ्या हदीसच्या आधारे काही उलेमा कॅमेऱ्याचा फोटोही वर्ज्य मानतात आणि पासपोर्ट किंवा हजच्या कागदपत्रांसारखी गरज असेल तेवढीच सवलत देतात. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांच्यासारख्या आलिमांनी वेगळे मत मांडले. हाताने चित्र घडवणे वेगळे आणि आरशात पडावे तसे प्रतिबिंब धरून ठेवणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे. मदिनेचे सर्वांत जुने ज्ञात फोटो १८६१ साली मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अभियंत्याने काढले. पुढे १८८० मध्ये त्यांनी मक्का शरीफचेही फोटो काढले. म्हणजे हा वाद आणि हा छंद दोन्ही बरोबरच चालत आले आहेत.

निवाडा देणे आमचे काम नाही. वाचकांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. आम्ही आमच्यापुरते तीन नियम पाळतो. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. नाही म्हटले तर पुन्हा विचारायचे नाही. आणि घरातल्या बायकामुलींचा फोटो त्यांच्या मर्जीशिवाय मोबाइलवर कोणालाही पाठवायचा नाही. आपल्याकडे अमानत हा शब्द पैशांसाठी आणि दागिन्यांसाठी वापरतात. कोणाचा चेहरा आपल्या कॅमेऱ्यात आला की तीही अमानतच असते. अमानत सांभाळायची असते आणि धन्याला परत द्यायचीही असते.

पाण्याने नेलेले अल्बम

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. वर महाबळेश्वरात मुसळधार पाऊस आणि खाली खाडीला भरती, असे जुळून आले की महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण २५ आणि २६ जुलै २००५ चा पाऊस नेहमीचा नव्हता. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर घरांवर आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात पाच मजली इमारत पडून १६ जीव गेले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या, आणि महाड शहर पाण्याखाली होते.

पाणी ओसरल्यावर माणसे आधी माणसे शोधतात, मग जनावरे, मग धान्य आणि कागदपत्रे. फोटोंची आठवण नंतर येते. चिखलातून काढलेला लग्नाचा अल्बम उघडावा तर पाने एकमेकांना चिकटलेली आणि चेहऱ्यांच्या जागी तांबडे-निळे ओघळ. कित्येक घरांत ज्या माणसाला मातीत दफन केले, त्याचा एकही फोटो शिल्लक नसतो. मग शोध सुरू होतो. मुंबईच्या मामाकडे आहे का? कुवेतला गेलेल्या भावाच्या मोबाइलमध्ये? शेजारच्या निकाहच्या फोटोत मागच्या रांगेत कुठे उभा असेल का?

अशा वेळी हौशी माणसाच्या फोटोंची किंमत कळते. पुरानंतर मोठमोठे कॅमेरे येतात, गाळाचे, कोसळलेल्या घरांचे, रडणाऱ्या आईचे फोटो काढून नेतात. तेही गरजेचे असतात. त्यांच्यामुळे मदत येते आणि पंचनाम्याला आधार मिळतो. पण ज्या आईने मुलगा गमावला तिला त्या दिवसाचा फोटो नको असतो. तिला आधीच्या एखाद्या साध्या दिवसाचा हवा असतो. तो क्रिकेट खेळत होता, तिच्यावर रागावून पडवीत बसला होता, बकरीला पाला घालत होता, असा. तो फोटो बाहेरून आलेल्या कोणाकडे नसतो. तो असलाच तर गावातल्याच एखाद्या हौशी माणसाकडे, नाहीतर पुतण्याच्या मोबाइलमध्ये असतो.

आणि तोच फोटो आमच्या संगणकात पडून असेल, त्या घरी पोहोचला नसेल, तर तो असून नसल्यासारखा. म्हणून आता आम्ही काढलेल्या फोटोंपैकी निवडक दर दोन-तीन महिन्यांनी छापून घेतो आणि ज्याचे त्याला नेऊन देतो. पोलादपूरच्या वरच्या वाडीतले एक शेतकरीदादा म्हणाले, "लोक येतात, फोटो काढतात, जातात. आणून देणारा तू पहिला." त्यांनी तो फोटो भिंतीवर न लावता पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या सात-बाराजवळ ठेवला.

घरात करता येण्यासारखे

यासाठी हौशी फोटोग्राफर असण्याची गरज नाही. मोबाइल प्रत्येक घरात आहे. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सुचवतो.

घरातल्या प्रत्येक माणसाचा, विशेषतः वडीलधाऱ्यांचा, त्यांची हरकत नसेल तर वर्षातून एकदा तरी चांगल्या उजेडात एक साधा फोटो काढा आणि कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहा. जुन्या काळी आखातात गेलेल्या माणसांना स्टुडिओतला फोटो पाकिटातून जायचा, त्याच्या मागे उर्दूत तारीख आणि सलाम लिहिलेला असे. ते फोटो आजही ओळखता येतात.

अल्बम तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका. माळ्यावर, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा. एक प्रत दुसऱ्या गावी, शक्यतो सासरी गेलेल्या मुलीकडे द्या. एकाच घरात दहा प्रती असून उपयोग नाही, पाणी सगळ्यांना एकदमच गाठते.

फोटो भिजलेच तर घाई करून सोलू नका. चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवले की बहुधा सुटतात. चित्राच्या बाजूला बोट किंवा फडके लावू नका. हलकेच धुऊन, चित्र वर करून, सावलीत कोऱ्या कागदावर पसरा. कडक उन्हात ते वळतात. साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत घालून जिथे वीज आहे अशा एखाद्या नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर सवडीने सुकवता येतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या फोटोची शाई मात्र पाण्यात उतरते, तो पाण्यात बुडवू नका.

आणि ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांच्यासाठी: कोकणच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी चढते आणि ती पुसून जात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवा, पुड्या वेळोवेळी बदला. आणि कॅमेरा वापरत राहा, कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

येत्या पावसाळ्याला अजून अवधी आहे. मोबाइलमध्ये साठलेल्या हजारो फोटोंतून वीस निवडायला एक संध्याकाळ पुरते. ते छापायला फार खर्च येत नाही. त्यातला एखादा फोटो शेजाऱ्याच्या मुलाचा असेल, एखादा मस्जिदीच्या मुअज्जिनसाहेबांचा, एखादा दुधवाल्या काकांचा. तो ज्याचा त्याला नेऊन द्या. त्यांच्या घरी आणखी कोणाचा फोटो नाही तेही विचारा, आणि त्यांची मर्जी असेल तर तिथेच, दारातल्या उजेडात, एक काढा.