तळतापन योजनेतील फरशीची निवड व बसवणी : एक विवेचन

प्रस्तावना :
शीत प्रदेशांत खोलीची जमीनच उबदार ठेवून निवास सुखावह करण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन स्नानगृहांत विटांच्या ठेंगण्या खांबांवर जमीन उचलून धरीत आणि तिच्याखालून भट्टीतील उष्ण वायू खेळवीत. कोरियातील 'ओन्डोल' पद्धतीत चुलीचा धूर दगडी लाद्यांखालून जातो. त्या लाद्यांवर मातीचा लेप देऊन तेल पाजलेला जाड कागद चिकटविण्याची परंपरा आहे. आच्छादन पातळ असेल तर ऊब लवकर वर येते, हे त्या परंपरेने अनुभवातून जाणले होते. आज युरोपात सिमेंटच्या थरात पुरलेल्या नळ्यांतून कोमट पाणी फिरवितात. अशा जमिनीवरील आच्छादन हा केवळ सजावटीचा विषय नसून तापनयंत्रणेचाच एक घटक आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

औष्णिक रोधाचे गणित :
आच्छादनाच्या जाडीला त्याच्या उष्णतावाहकतेने भागले असता औष्णिक रोध मिळतो. १० मि.मी. जाडीच्या सिरॅमिक फरशीचा रोध सुमारे ०.०१, तर १५ मि.मी. ओक लाकडाचा सुमारे ०.०८ चौ.मी. केल्व्हिन प्रति वॅट भरतो. 'ई.एन. १२६४' या युरोपीय मानकानुसार हा रोध ०.१५ पेक्षा अधिक नसावा. खोलीस दर चौरस मीटरला ६० वॅट उष्णता लागते असे मानल्यास आच्छादनाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांच्या तापमानात फरशीत ०.६ अंश, ओकमध्ये सुमारे ५ अंश, तर ०.१५ रोधाच्या गालिच्यात ९ अंशांचा फरक पडतो. तेवढे पाणी अधिक तापवावे लागते आणि पाणी जितके अधिक तप्त, तितकी उष्मा-पंपाची कार्यक्षमता कमी होते. निवडीची किंमत अशा रीतीने दर हिवाळ्यात मोजावी लागते.

मात्र पाणी हवे तितके तापविता येत नाही. वावराच्या भागात पृष्ठतापमान २९ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसावे, अशी त्याच मानकाची मर्यादा आहे. लाकडासाठी उत्पादक बहुधा २७ अंशांची मर्यादा घालतात.

निवडीचे निकष :
दगड व सिरॅमिक फरशी उष्णता सहज वाहून नेतात आणि ओलाव्याने फुगत नाहीत. लाकूड निवडायचे झाल्यास आडव्या-उभ्या थरांच्या बहुस्तरी फळ्या अखंड लाकडापेक्षा स्थिर राहतात. ओकच्या तुलनेत बीच लाकूड आर्द्रतेनुसार अधिक आकुंचन-प्रसरण पावते. फळ्या पूर्णपणे चिकटवाव्यात; नुसत्या अंथरल्यास खाली राहणारी हवा रोध वाढविते.

बसवणीचा क्रम :
सिमेंटचा थर घातल्यावर किमान २१ दिवस तापन सुरू करू नये. त्यानंतर २० ते २५ अंशांच्या पाण्याने किमान ३ दिवस आणि संकल्पित कमाल तापमानाने किमान ४ दिवस तापवावे. हे तापन झाले म्हणजे थर वाळलाच असे नव्हे. कार्बाइड पद्धतीने मोजलेला ओलावा, प्रचलित जर्मन निकषानुसार, सिमेंटच्या थरात १.८ टक्क्यांहून अधिक नसावा. नमुना खणताना नळी फुटू नये म्हणून मोजणीच्या जागा आधीच खुणावून ठेवाव्यात.

८ मीटर लांबीचा सिमेंटचा थर २० अंशांनी तापल्यास सुमारे २ मि.मी. वाढतो. म्हणून दगडी वा सिरॅमिक फरशीखालील थराचे क्षेत्र ४० चौ.मी. व बाजू ८ मीटर यांपेक्षा मोठी नसावी. भिंतीलगत लवचीक पट्टी ठेवावी. थरातील प्रसरण-सांधा फरशीतही त्याच रेषेत वर आणावा. अन्यथा फरशी तेथेच तडकते. चिकटद्रव्य लवचीक असावे आणि बसवणीनंतर तापमान हळूहळू वाढवावे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, आच्छादनाचा निर्णय नळ्यांमधील अंतर ठरविण्यापूर्वीच व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो बहुधा अखेरीस होतो. तोपर्यंत नळ्या पुरल्या गेलेल्या असतात आणि उरतो तो केवळ पाणी अधिक तापविण्याचा खर्चिक मार्ग.