दोन वर्षं न उघडलेलं खातं
गूगलचं वैयक्तिक खातं सलग 2 वर्षं वापरलं नाही, तर कंपनी ते पुसू शकते. डिसेंबर 2023 पासून याची अंमलबजावणी सुरू झाली. जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच जातं. यूट्यूबवर व्हिडिओ असलेली खाती तूर्त वगळली, हे बरं झालं. पण चाहत्यांनी लाडक्या पात्रांवर लिहिलेल्या कथा, हौसेनं केलेली भाषांतरं कित्येकदा ड्राइव्हवरच असतात. लिहिणारा वारला, की पुढे लिंक तेवढी उरते. उघडली तर आत काहीच नाही. याहू ग्रुप्स या चर्चागटांवरच्या जवळपास वीस वर्षांच्या गप्पा आणि कथा 2019 मध्ये अशाच पुसायला घेतल्या. स्वयंसेवकांनी धावपळ करून हाती लागलं तेवढं वाचवलं. आपल्या जुन्या खात्यात आजच लॉगिन करा आणि गूगलच्या 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये विश्वासातल्या माणसाचं नाव घाला.