परक्या अवयवातील रक्तवाहिन्यांचा संकोच

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याच्या एका नासासंधानाचे वृत्त छापले. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास कपाळाच्या त्वचेचे नाक मिळाले होते. सुश्रुताचार्यांनी याच कामी गालाची त्वचा सांगितली आहे. दोन्हीकडे ऊती रुग्णाचीच. म्हणून शरीराने ती निमूट स्वीकारली.

परक्याचा अवयव बसविताच प्रश्न पालटतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी श्वानांवरील प्रयोगांनंतर फेब्रुवारी १९६८ मध्ये मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. पुढे १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिनने तीव्र अस्वीकृती आटोक्यात आली, आणि मग तिच्यामागे दडलेली संथ व्याधी ठळकपणे नजरेस आली. ग्राहकाच्या रोगप्रतिकारक पेशी व प्रतिपिंडे दात्याच्या रक्तवाहिनीचे अंतःस्तर दुखावतात. तेथे स्नायुपेशी सरकून वाढतात आणि वाहिनी सर्व बाजूंनी, लांबवर अरुंद होते. प्रत्यारोपित हृदयाच्या चेतातंतू तुटलेल्या असल्याने छातीत दुखण्याची सूचनाही बहुधा मिळत नाही. आपल्यापैकी काही जण यास लगेच ‘धमनीप्रतिचय’ म्हणतील. नामसाम्याचा हा मोह आवरावा. मूळ हेतू येथे मेद नसून परकेपणा आहे.

अभ्यासासाठी एका जातीच्या उंदराचे हृदय वा महाधमनीचा तुकडा दुसऱ्या जातीच्या उंदरात बसवितात. ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसिन अशा प्रयोगांत विशेष ठरले, कारण ते प्रतिकारक पेशींबरोबरच स्नायुपेशींची वाढही रोखते. त्याच कुळातील एव्हरोलिमसने हृदयप्रत्यारोपणाच्या मानवी रुग्णांतही वाहिनीचे जाड होणे कमी केल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र जखम उशिरा भरणे व रक्तातील मेद वाढणे हे या औषधांचे दोष होत.

हळदीतील कर्क्युमिनवरही उंदरांत काम झाले. सायक्लोस्पोरिनसोबत दिल्यास हृदयकलमाचे आयुष्य वाढल्याचे आढळले. आपल्याला हे वाचून आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु उंदराचा निष्कर्ष चिकित्सालयाच्या फलकावर लिहिण्याजोगा नसतो, आणि येथे तर तो उलटण्याची भीती आहे.

वैरागसारख्या गावातील मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्ण सर्दीखोकल्यासाठी आपल्याकडेच येणार. त्याच्या टॅक्रोलिमस वा सायक्लोस्पोरिनची मात्रा रक्तपातळी मोजून बेतलेली असते. मिरी-पिंपळीतील पायपेरीन ही औषधे पचविणाऱ्या यकृतातील व आतड्यातील विकरास अडविते. पातळी चढल्यास मूत्रपिंडासच अपाय. त्रिकटू किती कल्पांत आहे, हे औषधविक्रेत्यांस सांगावयास नको! गुळवेलीसारखी प्रतिकारशक्ती चेतविणारी द्रव्ये तर मुळातच अशा रुग्णाच्या चिकित्सेच्या विरुद्ध दिशेची. म्हणून नोंदवहीत ‘प्रत्यारोपण’ हा रकाना असावा. अशा रुग्णास त्रिकटूयुक्त कल्प, हळदीच्या गोळ्या वा रसायन देण्यापूर्वी त्याच्या प्रत्यारोपण केंद्राशी बोलावे, आणि ‘इम्युनिटी’चा डबा मागणाऱ्या गिऱ्हाइकास तो कोणासाठी हवा, हे गल्ल्यावरच विचारावे.