डावीकडे कोण बघतंय?

समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी, पायी चालणाऱ्याला बंदी, दुचाकीलाही बंदी. सावंगीचा इंटरचेंज मात्र उतरतो जळगाव रोडवर, आणि तिथे हे तिघेही असतात.

सकाळी टेप, फक्कीची पिशवी आणि मोबाइल घेऊन मी रॅम्पच्या तोंडाशी उभा राहिलो. 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर ताशी 120 ची मुभा. टोलनाक्यावर गाडी थांबते खरी, पण वेगाची सवय थांबत नाही. पुढे वळण ऐसपैस, तोंड फुगलेलं. ब्रेकवर पाय जावा कशाला?

सायकलला दुधाचे कॅन अडकवलेले एक काका दोनदा पुढे सरकले, दोनदा मागे आले. विचारलं तर म्हणाले, "गाडीवाल्याची नजर उजवीकडं, ट्रक येतोय का बघायला. आपण डावीकडून. त्याला दिसणार कसं, साहेब?"

मग मी गाड्या मोजायच्या सोडून ड्रायव्हरांच्या मानाच बघत बसलो. काकांचं खरं होतं.

इथे कुणीतरी पादचारी पूल सुचवतोच. दुधाचे कॅन घेऊन जिना चढून दाखवावा त्याने.

हिशेब साधा आहे. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरलं, तर दहा मीटरचं तोंड ओलांडायला आठ सेकंदांवर वेळ लागतो. ताशी 50 ने येणारी गाडी तेवढ्यात सुमारे 115 मीटर कापते. तोंड आवळून सहा मीटर केलं की पाच सेकंद पुरतात; वळण घट्ट झाल्याने गाडी 30 वर आली, तर तिचं अंतर 42 मीटर. शिवाय 50 ची धडक 30 च्या पावणेतीन पट जोराची असते. झेब्रा पट्टे तोंडावर न मारता एक गाडी मावेल एवढे मागे घ्यायचे आणि उंचवट्यावर घ्यायचे, म्हणजे ड्रायव्हरची मान उजवीकडे वळायच्या आधीच माणूस त्याच्यासमोर येतो.

आवळलेलं वळण कसं दिसेल ते बघायला मी कडेला फक्कीची कमान ओढली. तासाभराने पाहिलं तर आतली बाजू टायरांनी पुसून टाकलेली. बाहेरच्या तुकड्यावर मात्र चाकाची एकही खूण नव्हती. काळीपिवळीची वाट बघणाऱ्या दोन बाया तिथेच पिशव्या टेकवून उभ्या होत्या.