नवरात्रातल्या माश्या

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत पंचामृतात आमच्या परसातला मध होता, हे अनेकांना आठवत असेल. त्या मधाची खरी किंमत मला फेब्रुवारीत कळली.

आम्ही इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहतो. भाजीच्या वाफ्यामागे आमची एक लाकडी मधपेटी आहे. जूनमध्ये तिच्यात चाळीस-पन्नास हजार माश्या असतात. नर काहीशे, राणी एक, बाकी साऱ्या कामकरी, म्हणजे माद्याच. शाळेच्या पुस्तकातली राणी राज्य करायची. आमच्या बाईंना हुकूम सोडताना मी तरी पाहिलेलं नाही. भर हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालायची, एवढंच तिचं काम. तिला भरवतात कामकरी, आणि अंडी कमी पडू लागली की नवी राणी वाढवायला घेतात त्याही कामकरीच.

कामकरी माशीचं काम बहुतेक वयावर ठरतं. जन्मल्यावर आधी घरं साफ करायची, मग अळ्यांना भरवायचं. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोटाखाली मेण सुटू लागतं, तेव्हा पोळं बांधायचं. नंतर दारावर पहारा, आणि तीनेक आठवड्यांनी मकरंद-पराग आणायला बाहेर. फुलं सापडली की परत येऊन पोळ्यावर नाचून दिशा आणि अंतर सांगायचं. ती नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं. ही कामाची वाटणी ताठर मात्र नाही. आत दाया कमी पडल्या तर बाहेरच्या माश्या पुन्हा अळ्या सांभाळू लागतात.

एवढं राबून आयुष्य किती? वटपौर्णिमेला जन्मलेली माशी नागपंचमी पाहील तर नशीब. पण नवरात्राच्या आसपास जन्मलेली माशी होळीपर्यंत जगते! तिला वाढवायला अळ्या फारशा नसतात, आणि परागातलं पोषण तिच्या अंगातच चरबी होऊन साठतं.

वाईहून आई फोनवर विचारते, "एवढ्या थंडीत झोपत असतील ना गं?" नाही झोपत. राणीभोवती सगळ्या मिळून गोळा करतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. बाहेर शून्य असलं तरी गोळ्याच्या मध्यभागी वीसच्या वर तापमान असतं. कडेच्या आत सरकतात, आतल्या कडेला येतात. सरपण म्हणजे मध, हिवाळ्याला अठरा-वीस किलो.

इथेच माझं चुकलं. व्हॅरोआ नावाचा तांबूस गोचिडासारखा किडा माश्यांच्या अंगातली ती चरबीच खातो. औषध ऑगस्टात करायचं असतं, पण त्याआधी मधाचा वरचा मजला उतरवावा लागतो. गणपतीला सगळ्यांना पुरेल एवढा मध हवा, म्हणून मी तो सप्टेंबरपर्यंत ठेवला. औषध झालं ते ऑक्टोबरात. तोवर हिवाळ्याच्या माश्या अशक्तच जन्मल्या होत्या. फेब्रुवारीत झाकण उघडलं तर मूठभर मेलेल्या माश्या, मध्ये राणी, आणि दोन बोटांवर भरलेला मध. ऊब धरायला त्या पुरेशा उरल्याच नव्हत्या. नवऱ्याने चौकटी धुतल्या, माझ्याने होईना.

मे महिन्यात नवी वसाहत आणली. यंदा ऑगस्टच्या सुरुवातीलाच मजला उतरवला. अर्धाही भरला नव्हता. जो मध होता तो त्यांनाच ठेवला. म्हणून यंदा पंचामृतात दुकानातला मध होता. चव वेगळी लागली म्हणणाऱ्या काकूंनी बरोबर ओळखलं.

हे लिहिताना दिवाळी जवळ आली आहे. नरांना दारातून ओढून बाहेर काढणं केव्हाच उरकलं. बिचाऱ्यांना नांगीही नसते. भिंतीवरची आयव्ही अजून फुललेली आहे, आणि ऊन पडलं की माश्या पायांवर पिवळे पराग घेऊन येतात. रोज सकाळी चहा घेऊन जाते आणि एका हाताने पेटी मागून जराशी उचलून बघते. जड लागते. आता झाकण होळीलाच उघडायचं.