मागच्यांना पुढे जाऊ द्या

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे स्कॉटलंडला, एडिंबरोला गेले होते. एका रविवारी ती म्हणाली, ''आई, चल ना गोल्फला.'' मला हसूच आलं. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा वेळ घालवायचा खेळ, एवढंच आपल्याला ठाऊक! पण तिथे गावची सार्वजनिक मैदानं असतात, तिकीट काढून कुणीही खेळावं. लेक आणि तिची मैत्रीण खेळणार, मी आपली सोबतीला.

पहिला धडा गप्प बसण्याचा. मैत्रीण चेंडू मारायच्या तयारीत आणि मी मोठ्यानं, ''अगंबाई, केवढं हिरवंगार!'' लेकीनं ओठांवर बोट ठेवलं. कुणी मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही. वाळूच्या खड्ड्यात पाय उमटले तर दाताळ्यानं सारखं करूनच निघायचं.

मग लेकीचा चेंडू काटेरी झुडपात गेला. वेळ वाचावा म्हणून तिनं लगेच दुसरा मारून ठेवला. मी मात्र ओढणी कमरेला बांधून शोधायला लागले. चांगला नवा चेंडू टाकून कसा जायचा? तेवढ्यात लेक घड्याळ बघून म्हणाली, ''तीन मिनिटं झाली, सोड आता.'' पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९पासून तीनच. आमच्यापुढचं मैदान रिकामं पडलं होतं आणि मागे दोन आजोबा खोळंबले होते. तिनं हात करून त्यांना पुढे जाऊ दिलं.

''अगं, नंबर आपला होता ना?'' मी फणकारले.

''आई, अठरा होलना चार तास लागतात. आपण रेंगाळलो की मागच्या सगळ्यांचा दिवस लांबतो. घाई नाही करायची, तयार राहायचं. दुसरी मारतेय तोवर आपली काठी ठरवून ठेवायची. नंबर आला की चाळीस सेकंदांत मारायचं.''

नंतर चहा घेताना तिनं जवळच्याच म्युअरफील्डची गोष्ट सांगितली. तिथला क्लब १७४४चा, सभासद फक्त पुरुष. बायकांना घ्यायचं का, यावर २०१६ साली मतदान झालं. विरोधकांचं एक कारण काय, तर बायकांमुळे खेळ रेंगाळेल! दोन तृतीयांश मतं हवी होती, पडली ६४ टक्के. ठराव बारगळला. २०१७ साली पुन्हा मतदान झालं, तेव्हा ८० टक्के मतांनी दार उघडलं. २०२२मध्ये तर महिलांची ओपन स्पर्धाच तिथे झाली.

माझा चहा हातातच राहिला. 'बायकांना वेळच लागतो', हे मी तीस वर्षं ऐकतेय, स्कूटरच्या हॉर्नसकट. गॅस, खिडक्या, दुधाचं भांडं, कुलूप कोण बघतं, हे मात्र कुणी मोजत नाही.

गोल्फ काही मी खेळणार नाही. पण आता बँकेत खिडकीशी पोचायच्या आत स्लिप भरून तयार असते. गिरणीत माझं दहा किलोचं दळण आणि मागचीचं दोन किलोचं असलं तर म्हणते, ''तू घे गं आधी.''

आणि परवा लग्नाला निघताना मी आधीच स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले. गॅस, खिडक्या, कुलूप ह्यांच्यावर सोपवलं. चांगली पंधरा मिनिटं लागली हो!

मी हॉर्न मात्र वाजवला नाही.